उन्हात जन्म गेला आणि डी अकरा

आमच्या वेंगुर्ल्याकडे सध्या कुणालाही विचारा, व्हिटॅमिन डी कमी आहे. गुडघे दुखतायत, डी कमी. केस गळतायत, डी कमी. झोप लागत नाही, सुनेशी पटत नाही, डी कमीच असणार. पूर्वी या सगळ्याला बाहेरचं काहीतरी असायचं, गाऱ्हाणं घालून, नारळ ठेवून माणूस मोकळा व्हायचा. आता लॅबवाला पोरगा स्कूटीवरून येऊन रक्त घेऊन जातो आणि संध्याकाळी मोबाईलवर पीडीएफ येते, तिच्यात एक आकडा ठळक केलेला असतो आणि त्या आकड्यावर सगळ्या दुखण्यांचं खापर फुटतं.

आतेला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा रिपोर्टांच्या गठ्ठ्यात असाच एक कागद होता, डी ११. झालं, घरच्या ग्रुपवर लगेच निकाल लागला की डी नव्हतं म्हणून कॅन्सर झाला. पुण्याच्या एका बहिणीने कुठल्याशा डॉक्टरचा व्हिडिओ टाकला, त्यात तो गृहस्थ छातीठोकपणे सांगत होता की डी साठच्या वर ठेवा, कॅन्सर तुमच्याकडे फिरकणार नाही. आते मात्र जाम वैतागली. म्हणाली, "माझो जल्म उनात गेलो गो बाये, आणि माका म्हणतत उनाचा विटामिन कमी!"

मी शाळेत सायन्स शिकवते त्यामुळे आमच्या घरात मला अर्धी डॉक्टर समजतात, उरलेला अर्धा डॉक्टर गूगल. पण आतेचा प्रश्न मला खरंच पटला. वर्षातले आठ महिने डोक्यावर ऊन रणरणत असतं अशा ठिकाणी राहून बाईचा आकडा अकरा कसा काय? म्हणून मग वाचायला घेतलं आणि ते वाचन कुठल्या कुठे गेलं.

आधी उन्हाचं बघू. कातडीत कोलेस्टेरॉलच्या जवळचा एक पदार्थ असतो, त्याच्यावर उन्हातले यूव्हीबी नावाचे अतिनील किरण पडले की त्याचं डी३, म्हणजे डीचाच एक प्रकार, बनतं. आता गंमत अशी की हे किरण सूर्य वर आल्यावरच जमिनीपर्यंत नीट पोचतात, साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन. आपली सावली आपल्यापेक्षा लांब पडत असेल तर त्या उन्हातून फारसं काही मिळत नाही. म्हणजे आपण पिढ्यानपिढ्या तान्ह्या बाळांना तेल लावून ज्या कोवळ्या उन्हात धरतो ते ऊन अंगाला बरं वाटतं, पण डीच्या हिशोबात त्याची कमाई जेमतेमच. काचेतून तर यूव्हीबी येतच नाही. सावळ्या कातडीला तेवढंच डी बनवायला जास्त वेळ ऊन खावं लागतं, आणि वय वाढलं की कातडीची ही ताकद आणखी कमी होते.

आता आतेचा दिवस मांडा. पहाटे उठून चुलीपाशी. मग माडा-पोफळींच्या सावलीतून चालत काजू फॅक्टरीत. तिथे पत्र्याखाली बसून दिवसभर काजू फोडणं, सोलणं, निवडणं, आणि उतरत्या उन्हात पुन्हा सावलीतूनच घरी. अंगावर कोपरापर्यंत ब्लाऊज, नऊवारी नाहीतर गोल साडी, बाहेर पडताना डोक्यावर पदर. उन्हाच्या गावात राहिली ती, पण दुपारचं ऊन तिच्या वाट्याला आलं कधी? रविवारी. आणि रविवारी दुपारी शहाणी बाई झोपते. त्यात जून ते सप्टेंबर आमच्याकडे मळभच असतं, रक्तातला डीचा साठा तर दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतो, त्यामुळे गणपतीपर्यंत तळ दिसायला लागला तर नवल नाही. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ताजा बांगडा आणि तारली पण त्याच दिवसांत दुर्मिळ, आणि जेवणातून डी मिळायचं तर तेलकट माशातूनच थोडंफार मिळतं, अंड्याच्या पिवळ्यातून त्याहून कमी. (तारलीला आमच्याकडे मान नाही, जास्त लागली की माडाच्या मुळाशी खत म्हणून घालायचे, पाव्हण्यांना सुरमई. असो.)

तर अकरा कसे, हे कळलं. पण अकरामुळे कॅन्सर झाला का, हा वेगळा प्रश्न.

या गोष्टीची सुरुवात अमेरिकेत एका नकाशाने झाली. सेड्रिक आणि फ्रँक गार्लंड हे दोघे भाऊ १९७४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये होते, तिथे त्यांनी कॅन्सरच्या मृत्यूंचे नकाशे पाहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने ईशान्येकडच्या ढगाळ, थंड राज्यांत जास्त माणसं जातायत आणि नैऋत्येच्या तापलेल्या राज्यांत कमी. १९८० मध्ये त्यांनी लेख लिहून विचारलं की ऊन आणि व्हिटॅमिन डी यामुळे हा कॅन्सर कमी होत असेल का. साधा, सुंदर प्रश्न. मला अशी माणसं आवडतात जी भिंतीवरचा नकाशा बघून अडतात.

पण हाच नकाशा भारतावर ठेवून बघा. आपल्याकडे डीची बोंब, आणि तरीही मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण जगात खालच्या रांगेत, वयाचा हिशोब धरून वर्षाला लाखामागे ५ च्या आसपास, तिकडे युरोप-अमेरिकेत २५-३० च्या घरात. डी हाच जर मुख्य सूत्रधार असता तर उलटं दिसायला हवं होतं ना. नकाशात ऊन दिसतं, पण त्याच नकाशात माणसं काय खातात, किती चालतात, किती जाड आहेत, किती पितात हे सगळं लपलेलं असतं. आणि आजारी माणूस घरात बसतो म्हणून त्याचं डी कमी होतं, ते तर कुठल्याच नकाशात दिसत नाही.

तरी डीला अगदी निर्दोष सोडता येत नाही, कारण आतड्यात ते खरंच काम करतं. कातडीत बनलेलं डी३ लिव्हरमध्ये जातं, तिथे पहिला बदल होतो, लॅबवाला मोजतो ते हेच. मग किडनी त्याचं कॅल्सिट्रिऑल, म्हणजे डीचं कामाचं रूप, करते, आणि हे कॅल्सिट्रिऑल रक्तातून फिरतं, पेशीत शिरतं, आपल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याचा निरोप ऐकणाऱ्या पेशीतल्या कानाला, धरतं आणि कुठले जीन्स चालू करायचे, कुठले बंद करायचे ते ठरवतं. इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन असंच चालतं, कॉर्टिसोल हे ताणाचं हॉर्मोन असंच चालतं. पाकिटावर व्हिटॅमिन छापलेलं असलं तरी काम हॉर्मोनचं आहे. आणि हा रिसेप्टर फक्त हाडाशी संबंधित पेशींत नाही तर मोठ्या आतड्याच्या पेशींतही आहे, इतकंच नाही तर आतड्याच्या पेशी स्वतःपुरतं थोडं कॅल्सिट्रिऑल बनवूही शकतात.

आतड्याच्या आतल्या भिंतीला बारीक खड्डे असतात, कातळात खणलेल्या विहिरींसारखे उभे. तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत काठावर येऊन गळून जातात. हे आपल्या पोटात रोज, गुपचूप चाललेलं असतं. कॅन्सरची सुरुवात या शिस्तीतल्या बिघाडाने होते. बहुतेक वेळा एपीसी नावाचा जीन बिघडतो, त्यामुळे बीटा-कॅटेनिन नावाचं प्रोटीन, जे एरवी वेळच्या वेळी मोडीत निघतं, ते साठत जातं आणि पेशीला सारखं वाढ म्हणून टोचत राहतं. पेशी काठावर येऊनही गळत नाहीत, गाठ होते, तिला पॉलिप म्हणतात. सगळ्या पॉलिपांचा कॅन्सर होत नाही, ज्यांचा होतो त्यांना साधारण दहा वर्षं लागतात, कधी जास्तच. कॅल्सिट्रिऑल या पेशींवर घातलं की विभागणी मंदावते, पेशी पक्क्या होतात, त्यांना एकमेकींना धरून ठेवणारं प्रोटीन वाढतं आणि ते प्रोटीन बीटा-कॅटेनिनलाही अडकवून ठेवतं. २००२ मध्ये आणखी एक गोष्ट सापडली, तुपकट खाणं पचवताना जे पित्त सुटतं त्याचं आतड्यातल्या जंतूंमुळे लिथोकोलिक ॲसिड होतं, ते आतड्याला घातक, आणि डीचा हाच रिसेप्टर ते ओळखतो आणि त्याची विल्हेवाट लावणारं एन्झाइम कामाला लावतो. मी हे वाचून थक्क झाले होते. पण हे सगळं प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत आणि उंदरात. आणि पुढे वाढलेल्या कॅन्सरमध्ये पेशी हा रिसेप्टरच कमी करत जातात, म्हणजे सांगणारा आहे पण ऐकणारा कान बंद.

माणसांत काय झालं? अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा प्रचंड अभ्यास झाला, त्यात पाळी गेलेल्या ३६,२८२ बायकांपैकी निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट डी दिलं, निम्म्यांना नुसती तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. सात वर्षं. २००६ मध्ये निकाल आला, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये फरक शून्य. लोक म्हणाले ४०० म्हणजे चिमूटभर. बरं, मग व्हायटल नावाच्या अभ्यासात २५,८७१ जणांवर रोज २००० युनिटांचा प्रयोग झाला, पाचेक वर्षं चालला, तरी कॅन्सर होण्याचं प्रमाण घटलं नाही. ज्यांचे पॉलिप काढले होते अशा २,२५९ लोकांना डी आणि कॅल्शियम देऊन बघितलं, २०१५ मध्ये कळलं की नवे पॉलिप यायचे ते आलेच. दुसरीकडे १७ अभ्यासांतलं रक्त एकत्र मोजून २०१९ मध्ये दिसलं की ज्यांचं डी फारच कमी त्यांना हा कॅन्सर जास्त होतो, आणि हे नातं पुरुषांपेक्षा बायकांत ठळक आहे. म्हणजे रक्तात कमी असणं आणि धोका असणं हे बरोबरीने चालतं, पण बाहेरून भरलं म्हणून धोका उतरत नाही. दहा वर्षांच्या आजाराला पाच-सात वर्षांचे प्रयोग कमी पडत असतील, हे मला मान्य. पण तो व्हिडिओवाला गृहस्थ जे छातीठोकपणे सांगतो ते सांगायला आज कुणाकडेही आधार नाही.

बायकांत ठळक का? इथून पुढे माझा स्वतःचा स्वार्थ आला, कारण आतेचं सगळं चालू असताना माझी पाळी जायच्या मार्गावर होती. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता कानशिलं तापायची, घामाने पाठ भिजायची आणि मागच्या बाकावरची पोरं फॅन वाढवू का विचारायची. डॉक्टरीणबाई हॉर्मोनच्या गोळ्यांबद्दल बोलल्या, आणि मी घरी येऊन परत वाचायला बसले.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर पुरुषांना जास्त होतो आणि बायकांना थोडा उशिरा होतो. आतड्याच्या पेशींत इस्ट्रोजेनचाही रिसेप्टर असतो, बीटा प्रकारचा, आणि कॅन्सरमध्ये तोही कमी झालेला दिसतो. त्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्याच दुसऱ्या भागात १६,६०८ बायकांवर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन अशा जोडगोळीचा प्रयोग चालू होता. गोळी घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याचे कॅन्सर ४३ आणि न घेणाऱ्यांत ७२. वाचून वाटलं अरे वा! पण तोच प्रयोग २००२ मध्ये मधेच थांबवावा लागला होता, स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या वाढल्या म्हणून. आणि ते ४३ जे होते ते जास्त पसरलेल्या अवस्थेत सापडले होते, पुढे वर्षानुवर्षं बघूनही या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर तेवढाही फायदा नाही. २००८ मध्ये कुणीतरी हॉर्मोनच्या आणि कॅल्शियम-डीच्या प्रयोगांचे आकडे एकत्र घेऊन बसलं तेव्हा आणखीच गुंता निघाला, ज्या बायकांना हॉर्मोन दिलं नव्हतं त्यांच्यात कॅल्शियम-डीचा फायदा होत असावा असं वाटत होतं, आणि ज्यांना हॉर्मोन दिलं होतं त्यांच्यात गाडी उलट्या दिशेने जात होती. ही एकदा केलेली फेरमोजणी आहे, त्यावर इमला बांधू नये. पण शरीरात एक हॉर्मोन दुसऱ्याचं बोलणं बदलतं हे तरी त्यातून दिसतं. मी शेवटी गोळ्या घेतल्या, घामासाठी, थोडे दिवस. आतड्यासाठी नाही. आतड्यासाठी हॉर्मोन घ्या असं कुठलाही जबाबदार डॉक्टर सांगत नाही.

तिसरं हॉर्मोन म्हणजे इन्सुलिन, त्याच्याबद्दल ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही कारण मग भात आणि पोट दोन्हीवर येतं. वजन वाढलं, साखर वाढली की इन्सुलिन चढं राहतं आणि त्याच्यासोबत आयजीएफ नावाचं वाढीला खतपाणी घालणारं हॉर्मोनही जोरात येतं, दोन्ही आतड्याच्या पेशींना वाढायला सांगतात. डायबेटिसवाल्यांना हा कॅन्सर जास्त होतो, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. दारू, सिगारेट, सॉसेजसारखं प्रोसेस केलेलं मटण, हेही.

आता खरं बोलते. व्हिटॅमिन हा विषय ग्रुपवर चालतो कारण तो स्वच्छ आहे. ऊन, गोळी, आकडा. संडासाबद्दल कोण बोलणार? आतेचं रक्त दोन वर्षं कमी होत होतं. घाटी चढताना मधेच दगडावर बसायची, धाप लागायची, चेहरा पांढुरका झालेला. सगळ्यांनी सांगितलं बीट खा, खजूर खा, बायकांचं रक्त कमीच असतं. अगो पण तिची पाळी जाऊन वीस वर्षं झालेली, रक्त जातंय कुठून मग? हे ना आम्हाला सुचलं ना तिला लोहाच्या गोळ्या लिहून देणाऱ्याला. त्यात लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतंच, त्यामुळे काळं झालं तरी कुणाला शंका आली नाही. अधूनमधून लाल दिसायचं ते जुन्या मूळव्याधीच्या खात्यावर. तिची गाठ उजव्या बाजूला होती, बायकांत उजव्या बाजूचे जास्त सापडतात, आणि त्या बाजूला आतडं रुंद, मळ पातळ, त्यामुळे अडत नाही, दुखत नाही, नुसतं थेंब थेंब रक्त झिरपत राहतं. पन्नाशीनंतर हिमोग्लोबिन उगाच उतरलं तर आतडं बघायला हवं, हे पुस्तकातलं साधं वाक्य आहे. डीचा आकडा असलेल्या त्याच पीडीएफमध्ये हिमोग्लोबिन आठ होतं. पानाच्या वरच्याच बाजूला.

ऑपरेशन झालं, मग केमो. एक औषध सलाइनमधून आणि गोळ्या घरी. त्या सलाइनच्या औषधाने थंडाचा स्पर्श सहन होत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ही बाई तिसऱ्या दिवशी बाजारात गेली आणि बर्फातल्या बांगड्याचा गलफडा उचलून बघायला हात घातला. बोटांत विजेचा झटका बसल्यासारखी ओरडली, मासेवाली घाबरून उभीच राहिली. आणि गोळ्यांनी तळहात लाल होऊन साल निघायला लागली. काजूच्या टरफलाच्या तेलाने तिचे हात तरुणपणीच काळे पडले होते, बोटांच्या पेरांना कायमचे चट्टे, त्याच्यावरून ही नवी साल. हात पुढे धरून म्हणाली, फॅक्टरीत राख तरी लावूक गावायची.

डीचे साशे, म्हणजे पावडरीच्या पुड्या, तिलाही दिले, आठवड्याला एक, ६०,००० युनिटचा, हाडांसाठी. ते योग्यच होतं. पण आमच्याकडे हे साशे प्रसादासारखे वाटले जातात. पाण्यात विरघळून जाणारं हे नाही, चरबीत साठतं. आठवड्याचा डोस रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम चढलं, उलट्या, बडबड, किडनीला त्रास होऊन ॲडमिट झालेल्या माणसांच्या केसेस भारतातल्या डॉक्टरांनी लिहून ठेवल्यात. २०२४ मध्ये तर हॉर्मोनच्या तज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या संस्थेने सांगून टाकलं की धडधाकट माणसाचं डी उगाच तपासत बसू नका. हे आमच्या लॅबवाल्याला सांगितलं तर तो हसला.

आतेभावाची कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीतून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, मात्र आम्ही करवून घेतली. आई-बापाला झाला असेल तर मुलांनी चाळिशीत तपासावं असं सांगतात, आणि तो तर चाळिशी ओलांडलेला. सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड एवढंच येतं, आतडं येत नाही, त्यामुळे हे ज्याचं त्याने करायचं. आमच्याकडची माणसं मोठ्या आजाराला गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलात जातात नाहीतर कोल्हापूरला. ट्रॉलरवर वादळात उभा राहणारा हा माणूस आदल्या संध्याकाळी आतडं साफ करायचं ते खारट-आंबट पाणी पितापिता रडकुंडीला आला. दोन लिटर. घराचा संडास मागच्या पडवीच्या पलीकडे, वर पावसाची सर, हातात टॉर्च, आणि रात्रभर येरझाऱ्या, शेवटी म्हणाला मी तिथेच खुर्ची टाकतो. सकाळी तपासणीत एक पॉलिप मिळाला, जागच्या जागी काढला, रिपोर्ट आला ॲडेनोमा, म्हणजे ज्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो तो प्रकार. आता काही वर्षांनी परत दाखवायचं.

आतेची केमो संपली, केस जाडसर परत आलेत. ती आता वाडीतल्या बायकांना धरून धरून विचारते, "तुका रगात पडता काय? लाजतंस कित्याक?" भर भजनात विचारते, लग्नाच्या पंगतीत विचारते, समोर केळीच्या पानावर सोलकढी वाढलेली असते तेव्हाही विचारते. तिच्या धाकाने शेजारची एकजण जाऊन तपासून आली. तिला निघाली मूळव्याधच. पैसे फुकट गेले म्हणून ती अजून आतेशी बोलत नाही.